ट्रेबाईंचं सामान

ट्रेबाईंनी आयुष्यात हजारो ऑपरेशनांची तयारी केली, पण ऑपरेशन एकही पाहिलं नाही. इस्पितळाच्या तळघरात, जिथे शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करतात, तिथे त्या तेहतीस वर्षं होत्या. वरून वापरलेली हत्यारं खाली यायची. ती धुवायची, वाळवायची, भिंगाखाली धरून कात्रीची धार आणि चिमट्याचे दात बघायचे, यादीप्रमाणे ट्रेमध्ये लावायची, दुहेरी कापडात गुंडाळून वर पट्टी चिकटवायची आणि वाफेच्या यंत्रात ढकलायची. आतपर्यंत वाफ पोचली की पट्टीवरच्या फिकट रेघा काळ्या व्हायच्या. पोटाच्या मोठ्या ट्रेमध्ये बेचाळीस नग. यादी तोंडपाठ होती, तरी ट्रेबाई दर वेळी ओळीवर बोट ठेवून वाचायच्या. पाठ आहे म्हणून न वाचणारी माणसं त्यांच्या डोक्यात जात.

एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून चूक एकच झाली. नोकरीच्या अकराव्या वर्षी एका ट्रेमध्ये एक चिमटा कमी गेला. वर सर्जन चार मिनिटं खोळंबले. पेशंटला काही झालं नाही, ट्रेबाईंना कोणी रागावलंही नाही. फक्त "खाली सांगा" एवढाच निरोप आला. पण त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक ट्रेबरोबर एक छोटी जादा पिशवी जाऊ लागली. यादीतल्या हरवण्यासारख्या वस्तूंचा दुसरा नग त्या पिशवीत असे. नियमात ती बसत नव्हती, पण ती काढा असं म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

लग्नाचा विषय त्यांच्या घरात दोन-तीनदा निघाला आणि आपोआप मिटला. धाकट्या भावाच्या घराच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. जेवण खाली, भाऊ-भावजयीबरोबर. कामावर त्या सायकलने जात, ऊन असो की थंडी.

निवृत्त होऊन आठवडा झाला असेल. जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "मी नदीच्या काठाने जाणार आहे. मुखापासून उगमापर्यंत. सायकलने."

भावाने हातातला घास खाली ठेवला. "मागून सामानाची गाडी कोणाची?"

"मागून कोणी नाही. तंबू, अंथरूण, भांडी, सगळं सायकलवरच न्यायचं."

"अगं ताई, लोक नदीबरोबर खाली येतात. तू उलटी वर कुठे निघालीस?"

"म्हणजे परत येताना उतार लागेल."

भावजय हसली. "ताई, तुम्ही हे कधीचं ठरवलंय?"

"नक्की सांगता नाही येणार. झाली असतील सात-आठ वर्षं."

दुसऱ्या दिवशी ट्रेबाईंनी वरच्या खोलीत जमिनीवर पांढरी चादर पसरली आणि तिच्यावर सामान मांडायला घेतलं. वस्तू रांगेत, मुठी एका बाजूला, पाती दुसऱ्या बाजूला. तंबू, खुंट्या, झोपायची पिशवी, स्टोव्ह, पंप, पाने, ट्यूब, पंक्चरचं सामान. भिंतीवर यादी चिकटवलेली. आणि यादीतल्या बहुतेक ओळींपुढे आकडा दोन. दोन टॉर्च, दोन पातेली, दोन पंप, दोन चाकू, पावसाचे दोन कोट. तीन आठवडे हे चाललं. भावजय संध्याकाळी चहा घेऊन वर यायची आणि चादरीच्या कडेने अंग चोरून चालायची.

"यातलं एक हरवलं तर दुसरं, हे कळलं," ती एकदा म्हणाली. "पण दोन्ही न्यायला तिसरी सायकल लागेल त्याचं काय?"

तिसरी का, दुसरीच ना, असं ट्रेबाईंनी गंभीरपणे दुरुस्त केलं.

भावानेही आपला वाटा उचलला. तो कुठूनसा एक साखळीचं कुलूप घेऊन आला. बैल बांधता येईल असं. "सायकल चोरीला गेली की संपलं सगळं," तो म्हणाला. काट्यावर ते कुलूप पावणेदोन किलो भरलं. ट्रेबाईंनी ते यादीत लिहून घेतलं. भावाचं मन त्यांना मोडवेना.

सायकलवाल्याने मागे-पुढे कॅरियर बसवून दिले, दोन्हीकडे पिशव्या लटकवायची सोय केली. भरलेल्या पिशव्या एकेक करून उचलून बघितल्या आणि म्हणाला, "बाई, फिरायला चाललाय की तिकडे संसार मांडायचाय?"

"सगळं लागेल असं आहे."

"लागेल हो. पण ओढणार कोण?"

ओढणार कोण, ते तालमीच्या दिवशी कळलं. सगळं भरून, एकतीस किलो वजन घेऊन त्या शहराबाहेरच्या टेकडीकडे निघाल्या. सपाटीवर सायकल नीट चालली. नाल्यावरच्या पुलाचा चढ लागला तशी ती मंदावली, डोलायला लागली आणि सरळ आडवी झाली. ट्रेबाई बाजूला पडल्या. कोपर सोलवटलं, बाकी धड होत्या. पण सायकल काही उचलेना. शेवटी रस्त्याच्या कडेला बसून एकेक पिशवी सोडवायची, सायकल उभी करायची आणि पुन्हा सगळं लावायचं, असा प्रकार झाला. समोर टायर बदलत बसलेला एक ट्रकवाला हे सगळं शांतपणे बघत होता. मदत हवी का, असं त्याने विचारलं नाही आणि त्याबद्दल ट्रेबाईंना बरंच वाटलं.

घरी येऊन त्यांनी नऊ किलो कमी केले. कुलूप मात्र सामानात राहिलं.

निघाल्या त्या नदीच्या मुखापासून, एका ढगाळ सकाळी. पहिले पाच दिवस बांधाच्या रस्त्याने गेले. दिवसाला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर होत. गुडघे ठणकत, पण ते अपेक्षितच होतं. रोज सकाळी तंबू उतरवून सामान भरताना त्यांच्या ध्यानात येऊ लागलं, की काही वस्तू त्या नुसत्याच बाहेर काढतात आणि परत आत ठेवतात. सहाव्या दिवशी एका छोट्या गावातल्या पोस्टात जाऊन त्यांनी पहिलं पार्सल केलं. दुसरं पातेलं, दुसरा कोट, दुसरा पंप आणि कुलूप.

"अरे बापरे," पोस्टातली बाई काट्याकडे बघून म्हणाली. "आत काय दगड घातलेत?"

"भावाची भेट आहे," ट्रेबाई म्हणाल्या.

चार दिवसांनी भावजयीचा फोन आला. "पार्सल पोचलं. तुमचे बंधू फुगून बसलेत. माझी वस्तू जुन्या भांड्यांबरोबर परत पाठवली म्हणतात."

"जेवतोय ना?"

"दोन वेळा. व्यवस्थित."

"मग येईल ताळ्यावर."

पंधराव्या दिवशी दुसरं पार्सल गेलं. जादा टॉर्च, जादा चाकू, जादा चपला, आणि सुट्या नटबोल्टांची डबी. भावजय फोनवर म्हणाली, "ताई, पुढच्या पार्सलात तुम्हीच येणार की काय?" मागून भावाचा आवाज आला. फुगून बसल्यापासून तो पहिल्यांदाच फोनवर बोलला. "कुलूप नाही, मग सायकल बांधतेस कशाने?"

"माझ्या पायाला. दोरीने."

"चोर आला तर?"

"मलाही घेऊन जाईल. गुडघ्यांना तेवढीच विश्रांती."

तो हसला नाही, पण फोन ठेवण्यापूर्वी "जप" म्हणाला.

तेविसाव्या दिवशी दुपारी डोंगराचा कच्चा रस्ता लागला. मागच्या चाकापाशी काहीतरी खडखडायला लागलं. ट्रेबाईंनी उतरून पाहिलं. कॅरियर एका बाजूने खाली लोंबत होता. त्याला सांगाड्याशी धरून ठेवणारा करंगळीच्या पेराएवढा बोल्ट कुठेतरी गळून पडला होता. त्या अर्धा किलोमीटर मागे जाऊन शोधून आल्या. नाही मिळाला. तसले सहा बोल्ट त्यांनी आणले होते. सहाच्या सहा आता घरी, डबीत होते.

तळघरात आलेला तो "खाली सांगा" निरोप त्यांना आठवला. त्या रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या. दोरीने बांधून बघितलं. दहा पावलांत सैल झालं. पुन्हा बसल्या. मग सवयीने यादी वाचतात तशी त्यांनी सायकलच वाचायला घेतली, पुढच्या चाकापासून, एकेका भागावर बोट ठेवत. मधल्या दांड्यापाशी बोट थांबलं. पाण्याची बाटली ठेवायचा पिंजरा तिथे दोन बोल्टांवर बसवलेला होता. जाडी तीच. लांबीला थोडे आखूड, पण एक बोल्ट काढून लावून बघितला तर जेमतेम धरला. पिंजरा उरलेल्या एका बोल्टावर लटपटत राहिला. बाटली पिशवीत गेली.

सगळं मिळून चाळीस मिनिटं गेली. हात पुसताना त्यांच्या मनात एक विचार आला, बावीस वर्षांत पहिल्यांदाच: त्या चार मिनिटांत वर नेमकं काय केलं असेल? नुसते उभे तर राहिले नसतील. कोणीतरी दुसऱ्या कुठल्यातरी चिमट्याने भागवलंच असणार. हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. आणि कोणाला खाली येऊन सांगावंसंही वाटलं नव्हतं.

"कळवायचं ना," भावजय नंतर म्हणाली. "बोल्ट पाठवले असते."

"ते येईपर्यंत मी म्हातारी झाले असते."

"आणि आता काय आहात?"

उगम एकोणचाळिसाव्या दिवशी आला. गंजलेल्या पाटीपलीकडे सिमेंटचं एक टाकं, त्यातून बाहेर आलेला नळ आणि भोवती शेवाळ. ट्रेबाईंनी बाटली भरली, बिस्किटं खाल्ली, दोन तास बसल्या. डावा गुडघा एव्हाना नारळाएवढा सुजला होता. परतीचा उतार त्यांनी लाकडं नेणाऱ्या ट्रकात ड्रायव्हरशेजारी बसून पाहिला आणि पुढे रेल्वेने घरी आल्या. आपण फार मोठं काही केलं असं त्यांना वाटलं नाही. इस्पितळाने नव्या मुलींना शिकवायला आठवड्यातून दोन दिवस बोलावलं, तर त्या जाऊ लागल्या. जादा पिशवीबद्दल तिथे त्या काही बोलल्या नाहीत.

महिन्याभराने भावजय वर आली आणि दारातच उभी राहिली. "ताई, एक विचारू? हसायचं नाही."

"विचार."

"मला शिकवाल? सायकल."

भावजयीचं वय त्रेपन्न. ट्रेबाई हसल्या नाहीत. रविवारी इस्पितळाचं मागचं पार्किंग रिकामं असतं. तिथे त्यांनी सीट खाली केली आणि मागून कॅरियर धरून त्या लंगडत धावू लागल्या. चौथ्या रविवारी त्यांनी हात सोडला. भावजय वीसेक हात सरळ गेली आणि तिथून थेट कुंपणाच्या झुडपात शिरली.

झुडपातून आवाज आला, "ताई, ब्रेक कुठला ते तुम्ही सांगितलंच नाही!"

"दोन्ही," ट्रेबाई म्हणाल्या आणि सायकल बाहेर ओढायला गेल्या.