शिवणबाईंची कराची

"उसव." शिवणबाईंचा शेरा एवढाच. मुलीने अर्धा तास मान मोडून घातलेली टीप त्या खिडकीशी उजेडात धरायच्या, चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि शांतपणे तो शब्द उच्चारायच्या. मुलगी रडवेली झाली की पुढचं वाक्य यायचं, "अगं, उसवल्याने कापड मरत नाही." आमच्या मुलुंडच्या शाळेत मुलींच्या दोन पिढ्या हे ऐकत मोठ्या झाल्या. तुमच्याही शाळेत अशा एक बाई असतीलच.

मी तेव्हा नवीन होते, भूगोल शिकवायचे. शिक्षकखोलीत माझी खुर्ची त्यांच्या शेजारी. बाई बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. पूर्वज अलिबागकडे तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी, त्यांच्या विसाव्याच्या वारी, बैल सोडून द्यायचे, म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. बाईंनी घाणा डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण शनिवारी सुईला शिवत नसत. शनिवारच्या सकाळच्या शाळेत त्या तोंडी शिवण शिकवायच्या. सुईदोऱ्याशिवाय, हवेत बोटं फिरवून काज करून दाखवणाऱ्या बाई मी दुसऱ्या पाहिल्या नाहीत. मुली खिदळायच्या, पण काज शिकायच्या.

यजमान गेलेले, दोन्ही मुलगे इस्राएलला. त्यांनी आईला कायमचं बोलावून घेतलं होतं. त्या जाणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. अशात बाईंनी मुख्याध्यापकांकडे रजेचा अर्ज दिला. स्थळ, कराची. कारण, आईला भेटणे.

मुख्याध्यापक चक्रावले. लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात, बाई पाकिस्तानात निघाल्या. त्यांनी चाचरत विचारलं, मातोश्रींचं वय काय? बाई म्हणाल्या, मी चार वर्षांची असताना गेली ती, तिथेच आहे.

नंतर त्यांनी मला नीट सांगितलं. वडील कराचीच्या गोदीत सुतार होते. त्या काळी कोकणातली बरीच बेने इस्राएल कुटुंबं पोटापाण्यासाठी तिकडे होती. आई तिथे वारली, वडिलांनी पोरांना उचललं आणि मुंबईला आणलं. त्यावर ते पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. आता बाई इस्राएलला गेल्या, तिकडचा पासपोर्ट घेतला, की कराचीचं दार कायमचं बंद. नकाशात मी मुलींना कराची दाखवायचे, मुंबईपासून वीतभर वर. ती वीत त्या दिवशी मला मोजवेना.

"आत्ता गेले नाही, तर तिला भेटायला आपलं कुणी कधीच यायचं नाही," बाई म्हणाल्या.

व्हिसा, पोलिसांकडच्या हजेऱ्या, सगळं करून त्या एकट्या जाऊन आल्या. शाळा उघडल्या दिवशी मी त्यांना शिक्षकखोलीत गाठलं आणि सगळं सांगायला लावलं.

दफनभूमीला कुलूप होतं. राखण करणाऱ्या बलुची बाईने ते काढलं आणि आमच्या बाईंचं पाऊल दारातच अडलं. समोर रांगाच्या रांगा, आणि दगडांवर मराठी अक्षरं. पेणकर, रोहेकर, चेऊलकर. अख्खा कुलाबा जिल्हा परमुलखात येऊन निजला होता. तिथे ती अक्षरं वाचणारं आता कुणी नव्हतं. बाई मोठ्याने वाचत निघाल्या. राखणदारणीने झाडू खाली ठेवला, डोक्यावरून ओढणी घेतली आणि त्यांच्या मागे चालू लागली. शेवटी म्हणाली, "इतने बरस झाड़ू लगाया, नाम आज सुने।"

पण आई सापडेना. वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेत घेतात ते तिचं नाव लेया. बाई दोन दिवस लेया शोधत राहिल्या. तिसऱ्या दिवशी, परतीच्या आदल्या दिवशी, भिंतीजवळच्या एका दगडापाशी त्या थांबल्या. त्यावरचं पहिलं नाव तेवढं वाचून त्या आधी दोनदा पुढे गेल्या होत्या. दगडावर होतं, 'सोनाबाई, गोदीतील सुतार मुसाजी यांचे कुटुंब, वय वर्षे २४.'

मुसाजी वडिलांचं नाव. त्यांच्यात बायकांना दोन नावं असायची, एक प्रार्थनेतलं, एक घरातलं. हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण चार वर्षांच्या पोरीने घरातलं नाव कधी कानावर घेतलंच नव्हतं. तिला ती फक्त आई होती.

"चोवीस गं," बाई मला म्हणाल्या. "माझी धाकटी सून सव्वीसची आहे. जन्मभर आई आई करत होते आणि समोर ही एवढीशी पोर. हाक काय मारू तेच सुचेना."

"मग?"

"सोना म्हटलं. शेजारी बसले दुपारभर."

इतिहास, भूगोल, सरहद्द, सगळं मी पुस्तकातून शिकवत होते आणि ही बाई त्यातून चालत जाऊन आली होती. तेवढ्यात घंटा झाली. सातवीचा तास होता, बाई उठून गेल्या.

त्याच वर्षी त्या इस्राएलला गेल्या. जाताना एक काम सांगून गेल्या. तिकडून कराचीला पत्र जात नाही, तेव्हा आईच्या श्राद्धाच्या सुमारास मी इथून राखणदारणीला चार ओळी टाकायच्या. मी हिंदीत सांगायचे, नाक्यावरचे मौलवीसाहेब उर्दूत लिहून द्यायचे. तिकडून उत्तर आलं की मी ते मराठीत करून बाईंना धाडायचे. थडग्याची डागडुजी, भिंतीशी लावलेला मोगरा, एवढीच बातमी असायची. बाई ती पत्रं जपून ठेवतात, असं धाकट्याने एकदा कळवलं.

मग एका वर्षी त्याच धाकट्याचं पत्र आलं, बाई झोपेतच गेल्या. मी खूप रडले. महिन्याभराने कराचीच्या पत्राची वेळ आली. मौलवीसाहेबांनी लेखणी उचलून विचारलं, या खेपेला नवीन काही? मी नाही म्हटलं. मग त्यांनी दरवर्षीचीच ओळ लिहिली, "बाई सोनाची खुशाली विचारतात."