खिडकीताई आणि चाळीस लाल चांदण्या

आमच्या डोळ्यांच्या इस्पितळाचा नोंदणी अर्ज मी बिघडवला होता, हे आधीच कबूल केलेलं बरं. आता ते सगळ्यांना माहीत आहे, फक्त माझ्या सासऱ्यांना नाही. त्यांच्या लेखी मी अजून संगणकातला जाणकार आहे.

झालं असं. डोळ्याचा पडदा तपासणारं एक भलंमोठं यंत्र आठ दिवसांसाठी आमच्याकडे येणार होतं. अट एकच: शनिवारी दुपारपर्यंत तीनशे रुग्णांची नोंद झालेली दिसली पाहिजे, नाहीतर यंत्र परस्पर दुसऱ्या इस्पितळात जाणार. नोंदणी फक्त वेबसाइटवर. कार्यालयप्रमुख म्हणून अ‍ॅडमिन पॅनेलचा पासवर्ड माझ्याकडे आला. तिथे अर्जातल्या प्रत्येक रकान्यापुढे एक चौकोन होता, 'सक्तीचा'. माहिती कशी भरगच्च हवी! मी चाळीसच्या चाळीस चौकोनांवर टिचक्या मारल्या, चाळीस रकान्यांपुढे लाल चांदण्या उगवल्या आणि मी समाधानाने चहा मागवला.

बुधवारी सकाळी नोंदी किती? एक. तीही माझीच, चाचणीसाठी केलेली. फॅक्स क्रमांक मनानेच ठोकून दिलेला.

माझं धाबं दणाणलं. मी नोंदणीच्या खिडकीकडे धावलो. तिथे सत्तावीस वर्षं ज्या बाई बसतात त्यांना इस्पितळात सगळे खिडकीताई म्हणतात. खरं नाव पगारपत्रकात असेल, पण ते वाचायला कोण जातो? त्यांचं पेन दोरीने गजाला बांधलेलं असतं आणि जीभ अजिबात बांधलेली नसते.

"साहेब, हा अर्ज तुम्ही भरून बघितलात?" त्यांनी विचारलं.

"बघितला की."

"चष्मा काढून?"

इस्पितळ डोळ्यांचं, आणि अर्जातली अक्षरं राखाडी रंगाची, मुंगीएवढी.

ताईंनी बाकावरच्या सुतारकाकांना माझ्या खोलीत आणून संगणकापुढे माझ्या खुर्चीत बसवलं. काका एकाहत्तर वर्षांचे, डाव्या डोळ्यात धुकं. या तपासणीसाठी ते दोन वर्षं हेलपाटे घालत होते. जन्मतारखेचा रकाना आला तसं एक छोटं कॅलेंडर उघडलं, ते चालू महिन्याचं. मागे जायचं तर एका टिचकीला एक महिना. काका टिचक्या मारत राहिले. ताई उभ्या, मी उभा. बऱ्याच वेळाने काकांनी कपाळ पुसलं.

"आत्ता कुठे धाकटीच्या लग्नापर्यंत पोचलोय," ते म्हणाले. "माझा जन्म अजून लांब आहे."

ताईंनी माझ्यापुढे हात पसरला. "पासवर्ड."

मी दिला. त्या एका बोटाने टाइप करतात, पण ते बोट चुकत नाही. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला हे पॅनेल जमेल?"

"कागदावर लोक काय लिहितात यापेक्षा पेन कुठे अडतं, ते मी इतकी वर्षं बघत आलेय. त्यात न जमण्यासारखं काय आहे?"

मग कत्तल सुरू झाली. जन्मतारीख गेली, तिथे 'वय' आलं. ईमेल गेला. 'स्वतःचा मोबाइल' जाऊन 'कोणीतरी उचलेल असा नंबर' आला. अक्षरं काळी आणि ठळक झाली. फॅक्सवर बोट गेलं तेव्हा मी कळवळलो. "तो राहू द्या ना, भारदस्त दिसतो." ताईंनी माझ्याकडे बघतबघत तो उडवला.

चाळीसातले सहा रकाने उरले आणि चांदण्या सगळ्या मावळल्या. तेवढ्यात ताईंनी सातवा रकाना नवा घातला: 'सोबत कोण येणार?' आणि त्यालाच लाल चांदणी लावली.

"सक्ती नको म्हणता, मग ही काय?"

"तपासणीचे थेंब घातल्यावर चार तास धड दिसत नाही. माणूस घरी कसा जाणार? वास घेत घेत?"

"आणि ज्याला कोणीच नाही त्याने?"

त्याचीही सोय त्यांनी केली होती. 'कोणी नाही' निवडलं की खाली आपोआप ओळ उघडायची: 'काळजी नको, आम्ही घरी सोडू.'

"आम्ही म्हणजे कोण?"

"तुमची गाडी संध्याकाळी रिकामीच जाते ना?"

सुतारकाकांनी नवा अर्ज माझ्या डोळ्यांदेखत मिनिटाच्या आत भरला आणि खुर्ची सोडता सोडता विचारलं, "एवढंच?" इतकं गोड वाक्य त्या खोलीत मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी एकशे बारा. शुक्रवारी दोनशे चाळीस. शनिवारी सकाळपासून सगळं इस्पितळ माझ्या टेबलाभोवती, मोठ्या डॉक्टरांसकट. साडेदहाला तीनशेचा आकडा पडला तशा नर्सबाईंनी टाळ्या पिटल्या, ड्रायव्हरने शिट्टी मारली आणि मोठे डॉक्टर खिडकीपाशी जाऊन चक्क वाकून म्हणाले, "ताई, जिंकलात!" ताई म्हणाल्या, "बाजूला व्हा, मागे रांग आहे." दुपारपर्यंत तीनशे एकतीस झाले.

यंत्र आलं. सुतारकाकांचा पडदा तपासला, दोष वेळेत सापडला, उपचार सुरू झाले. आठ दिवसांत माझ्या गाडीने एकोणीस जणांना घरी पोचवलं, आणि त्यांतल्या एका आजींनी मला वाटभर गाडी कशी चालवायची ते डोळे मिटून शिकवलं.

पुढच्या सोमवारी उत्साहाच्या भरात मी पॅनेल उघडलं. अर्ज दिसत होता, पण त्याच्याशेजारचं 'बदल करा' हे बटण काही केल्या सापडेना. मी खिडकीशी गेलो.

"ताई, मला ते बटण दिसत नाही. डोळे तपासून घेऊ का?"

"डोळे ठीक आहेत साहेब, बटण मी काढलंय."