दसऱ्याला धुतलेली सायकल

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं अवजारं धुतात. कोयता, खुरपी, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, झालंच तर मिक्सरसुद्धा. ज्याच्या जिवावर घर चालतं त्याला आंघोळ, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मग माझ्या गुडघ्याची सायकल तेवढी कशाला सोडायची?

ही सायकल रस्त्यावरची नव्हे. पडवीत एका जागी उभी असते, नुसतं पायडल मारत बसायचं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलानं पुण्याहून आणून दिली. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा, नाहीतर गुडघा आखडेल. मुलगा म्हणाला, "आई, नेमानं चालवशील तर इथं राहा. नाहीतर माझ्याकडं यायचं." त्याच्याकडं म्हणजे पुण्याला, पार वरच्या मजल्यावर. घर चांगलं, सून त्याहून चांगली. पण दोघं सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात. तोवर मी बोलायचं कुणाशी, दाराच्या कडीशी? इथं ओतूरच्या बाजारात मेथी घ्यायला गेलं तरी एका जुडीमागं चार घरची खबर मिळते.

तर मी सायकलीवर पाणी मारलं, पुसली, कुंकू लावलं आणि अवजाराला सोडतात तसं सढळ हातानं तेल सोडलं. जिथं चाक तिथं तेल, एवढंच मला ठाऊक. दुसऱ्या दिवशी बसले तर पाय आपले भराभरा फिरायला लागले, बिनपाण्याचा रहाट फिरावा तसे. चाक जड करायची खुंटी पिळून पिळून मनगट दुखलं, उपयोग शून्य.

शेजारची धाकटी जाऊ बघतच होती. "बाई, बरं झालं की, कष्ट वाचलं."

"कष्ट वाचलं तर गुडघा वाचत न्हाई, बये."

"मंग चालल्या म्हणा पुण्याला. जाताना म्हैस मला देऊन जावा."

"म्हशीच्या आधी तुलाच धाडते पुण्याला," मी म्हणाले.

कंपनीला फोन लावला. तिकडची पोरगी म्हणाली, "माताजी, वो मॉडेल बंद हो गया, नया ले लीजिए." मी म्हटलं, "माझा गुडघा पण जुनंच मॉडेल हाय. त्यालाबी बंद करू का?" तिनं फोनच बंद केला. मुलाला जावेकडून कळलं, दुसरं कोण सांगणार. तो म्हणाला, "दे भंगारात. दिवाळीच्या तोंडावर गाडी घेऊन येतो. कपडे भरून ठेव."

कपडे राहिले, मी पाना घेतला. वरचं झाकण काढलं तर आत चाकाला एक जाड लोकरीसारखी पट्टी घासत होती. खुंटी पिळली की ती चाकाला आवळायची आणि चाक जड व्हायचं. ती माझ्या तेलात भज्यासारखी भिजलेली. साबणानं धुतली, उन्हात टाकली, तर तिचा भुगाच झाला. मग तिच्या जागी पोत्याचा तुकडा लावला, तो करपट वास मारायला लागला. गोधडीचा लावला, तो गुंडाळून बाहेर आला.

जाऊ दारातून म्हणाली, "बाई, आता लुगडं लावून बघा."

"तुझंच लावते, आण."

पट्टी लोकरीची, मग बदली लोकरच पाहिजे. माळ्यावर सासऱ्यांची घोंगडी होती. भातलावणीला डोक्यावर घ्यायचे ती, पावसाची आत शिरायची टाप नव्हती. एका कोपऱ्यावर कात्री ठेवली आणि थांबले. सासरे असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. पण मला, त्यांच्या सुनेला, घर सोडून पुण्यालाही जाऊ दिलं नसतं त्यांनी. कापली. पदरावर पदर ठेवून दाभणानं शिवली, चाकाचं तेल राखेनं घासून काढलं, पट्टी बसवली, खुंटी पिळली आणि पाय मारला. गुडघ्यातून कळ निघाली ती थेट कमरेपर्यंत. इतकी गोड कळ मला कधी आली नव्हती.

रोज चालवली. मुलगा आला तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "कपडे भरलेस का?"

"आधी सायकलीवर बस."

बसला. मी खुंटी पिळत गेले. जरा वेळानं त्याला धाप लागली. "जड आहे की गं." मग खाली वाकून बघितलं. "हे काळं काय लावलंय?"

"तुझ्या आज्याची घोंगडी."

तो खाली उतरला. मग मी बसले, गुडघा वाकवून दाखवला, आणि बोलत बोलत चालवत राहिले. मला धाप लागली नाही असं नाही, पण बोलणं काही थांबवलं नाही.

निघताना त्यानं डिकी उघडली. माझी पेटी ठेवायची तिथं मी चाळीत साठवलेल्या कांद्याची गोणी ठेवायला लावली.

"बरं, संक्रांतीला पुन्हा बघू," तो म्हणाला.

"बघ की. पण तू येऊ नकोस. मीच येते एसटीनं. आळेफाट्याला गाडी बदलीन. पायरी किती उंच असते माहितीये ना? ती चढून आलेली बघ, आणि दुसऱ्या दिवशी मला परतीच्या गाडीत बसवून दे."