काकींच्या वाट्याच्या शेळ्या

कुठलाही प्रश्न विचारला की काकी आधी मान वळवून गोठ्याकडे कान द्यायच्या. क्षणभर ऐकायच्या. मग मलाच विचारायच्या, "माज्या शेळ्या आत्ता कुठं चरत असतील गं?"

गोठा रिकामा होता.

मी तेव्हा बी.ए.ला होते. भिसेगावच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. एका संस्थेने सर्वेक्षणाच्या कामाला घेतलं, तेव्हा आईने माझं ओळखपत्र आधी देवापुढे ठेवलं होतं. काम कर्जत आणि खालापूरच्या मधल्या वाड्यांमध्ये होतं; काकी त्यातल्याच एका वाडीतल्या. गरीब घरातल्या बाईला शेळ्या दिल्या तर घर खरंच सावरतं का, हे पाहायचं होतं. सगळ्यांनाच एकदम दिल्या, तर घर शेळ्यांमुळे सावरलं की त्या वर्षी भात चांगला पिकला म्हणून, हे कळणार कसं? म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. जिची चिठ्ठी निघेल तिला चार शेळ्या लगेच, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. दोन्हीकडच्या घरांत जाऊन आम्ही अधूनमधून तेच प्रश्न विचारायचो. "ज्यांना मिळालं नाही, त्यांच्याकडे पाहूनच कळतं, मिळालं नसतं तर काय झालं असतं," असं आमचे सर म्हणायचे. मला ते पटलं होतं. अजूनही पटतं.

चिठ्ठ्या देवळासमोर, सगळ्यांच्या देखत, कळशीतून काढल्या. काकींच्या धाकट्या जावेची निघाली. काकींची नाही. त्या रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. "म्हंजे माज्या हायत, पण आल्या नायत," एवढंच म्हणाल्या आणि घरी जाऊन कारवीच्या काठ्यांचा कूड घालायला लागल्या. चार शेळ्यांना पुरून उरेल एवढा गोठा बांधला त्यांनी.

पहिल्यांदा गेले तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं. कूड शेणाने लिंपलेला, जमीन झाडलेली, वाशाला फणसाचा डहाळा टांगलेला.

"घरात जनावरं किती, काकी?"

"चार शेळ्या."

"पण दिसत नाहीत काकी."

"तुला कशा दिसतील? तू शून्य लिव. तुमचं तुमी लिवा, माजं मी बगते."

"त्या येडीचं काय ऐकतेस गं?" कुंपणापलीकडून जाऊ ओरडली. "माज्या बग. चाराच्या सहा झाल्या."

"तुज्या तुला, माज्या मला," काकी म्हणाल्या. "माजी बी एक गाभण हाय."

मी हसले. सर्वेक्षण करणाऱ्याने हसू नये, पण हसले.

तुम्हीही कधी असे दारोदार प्रश्न विचारत फिरला असाल, तर तुम्हाला ठाऊक असेल की लोक काही वाढवून सांगतात, काही लपवतात. काकींचं तसं नव्हतं. तांदूळ कधी संपला, कोणत्या महिन्यात एक वेळच चूल पेटली, सगळं खरं सांगायच्या. म्हणूनच त्या चार शेळ्यांची मला हळूहळू भीती वाटायला लागली.

पुढच्या खेपेला भर दुपारी पोचले. वाडीत चिटपाखरू नव्हतं. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या, पूर्वीपेक्षा खूप वाळलेल्या. जावेच्या शेळ्या सुटून अंगणात आल्या होत्या. काकींच्या गोठ्याचं दार उघडं, आत हिरवा पाला. शेळी असा पाला सोडत नाही, दोरीवरचा कपडाही सोडत नाही. पण त्या दारातच थांबल्या होत्या. सगळ्या शेजारी शेजारी, कान ताठ, आत बघत. एकीचाही खूर आत पडला नाही.

"या आत का जात नाहीत, काकी?"

"जागा नाय," काकी म्हणाल्या.

मग अगदी हळू, "पोरी, खरं सांग. माज्या येतील ना? मी हाय तवर?"

अभ्यास कधी संपेल ते मला माहीत नव्हतं. "येतील काकी," मी म्हटलं. त्यांनी विचारलं होतं त्याचं हे अर्धंच उत्तर होतं. निघताना मागे वळून पाहिलं. टांगलेल्या डहाळ्याची खालची पानं गेली होती, शेळीची मान पोचते तेवढ्या उंचीपर्यंत. काकींनीच खुडली असतील.

अभ्यास संपला. शेळ्यांमुळे घरं सावरतात, असं निघालं. आता हेच आणखी तालुक्यांत करायचं चाललं आहे, म्हणून सर आनंदात होते. राहिलेल्या बायकांसाठी टेंपो निघाला, त्यात मीही होते.

काकी आदल्या थंडीतच गेल्या होत्या. साजगावला कारखान्यात असलेल्या त्यांच्या मुलाचा निरोप होता, आईच्या शेळ्या आईच्याच गोठ्यात बांधा, चुलती बघेल.

जावेने गोठा झाडून पाला टांगून ठेवला होता. या वेळी ती वेडी वगैरे काही म्हणाली नाही. काकींसारखीच मान वळवून तिने आधी ऐकलं, आणि मग दार उघडलं.

मला वाटलं, शेळ्या दारात थांबतील. थांबल्या नाहीत. सरळ आत गेल्या आणि एका बाजूच्या कुडाला अंग घासत चौघी एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. अर्धा गोठा त्यांनी मोकळाच ठेवला.

"सरका गं तिकडं," म्हणून मी त्यांना हाकललं. एकही हलली नाही.

"ऱ्हाऊ दे," जाऊ म्हणाली. तिने फणसाचा आणखी एक डहाळा आणला आणि मोकळ्या बाजूला टांगला.