पाठ टेकायला भिंत

वरोरच्या आमच्या झोपडीला कारवीचे कूड होते. बोंबील वाळत घालून झाले की आई त्या कुडाला पाठ लावून बसायची आणि कूड हळूच बाहेरच्या बाजूला कलायचा. मग तीच जरा पुढे सरकायची, कूड पुन्हा सरळ व्हायचा. आईचं वजन काही फार नव्हतं, कूडच दमलेला होता. शाळेत असताना मी हे बघत बसायचो आणि मनातल्या मनात तिच्या पाठीमागे विटांची भिंत बांधायचो, रोज थोडी थोडी. वडील गेले, मी मोठा झालो, डहाणूच्या एका चिकूच्या वाडीवर कारकून झालो, तरी ती भिंत डोक्यातून गेली नाही. लोक मोटारीची, बंगल्याची स्वप्नं बघतात. माझं स्वप्न आईची पाठ टेकण्यापुरतंच होतं.

वाडीवरचे दिवस मला अर्धवट झोपेतले वाटतात. चिकू पिकायला ठेवायचे त्या खोलीत इतका गोड वास कोंडलेला असायचा की पेट्या मोजता मोजता मान पडायची. शेठ गुजरातीत रागवायचे, मी मराठीत ऐकून घ्यायचो, आणि मजूर आपल्या बोलीत आम्हा दोघांनाही हसायचे. वाईट काही नव्हतं. पण त्याच सुमारास तलासरीला नवी सरकारी कचेरी उघडली आणि तिथे कारकुनाच्या जागेसाठी माझी निवड झाली. नेमका त्याच महिन्यात मी मसोलीच्या पतपेढीत घरासाठी कर्जाचा अर्ज देऊन बसलो होतो. मुहूर्त काढण्यात आमच्या घराण्याचा हात कोणी धरू शकत नाही.

पतपेढीचे व्यवस्थापक उतारवयाचे होते. चष्मा कपाळावर चढवून बोलायचे. त्यांनी विचारलं, जुनी नोकरी तुम्ही सोडलीत, नवी अजून हातात नाही, मग आज या अर्जदाराला काय म्हणायचं? खरं सांगायचं तर त्या प्रश्नाचं मला बरंच वाटलं. शेठनी मोकळं केलं होतं, तलासरीचा हुकूम यायचा होता, आणि मधले ते आठवडे मी कोणाचाच कोणी नव्हतो. ओहोटीला ओल्या वाळूत काठीने घराचा नकाशा काढायचो. इथे दार, इथे चूल, इथे आई बसणार. त्यात जाऊन उभा राहायचो. भरती यायची, घर घेऊन जायची. दुसऱ्या दिवशी मी खिडकी आणखी मोठी करायचो. इतका सुखी मी नंतर पगारावर असताना कधी झालो नाही.

हुकूम आला, पण नेमणूक सुरुवातीला हंगामी. पतपेढी म्हणाली, हंगामी पगाराच्या भरवशावर कर्ज द्यायचं तर जागा आणि तिच्यावर उभं राहणारं घर, दोन्ही गहाण ठेवा. जागा आईच्या नावावर होती. म्हणजे सगळं तिच्या अंगठ्यावर आलं.

'गहाण' हा शब्द आईला समजावून सांगायची गरज नव्हती. वडील असताना होडीसाठी तिच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. त्या सावकाराच्या तिजोरीत गेल्या, आणि सुटून येईपर्यंत आईने मोकळ्या मनगटांनी मासळी विकली. गहाण टाकलेली वस्तू ज्याचा पैसा त्याच्याकडे जाते, ती आपण अंगावर घालायची नसते, हे तिच्या हाडात भिनलेलं. माझ्या हे ध्यानातच आलं नाही. मी तिला हप्ते सांगितले, वर्षं सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्याबरोबर मसोलीला आली.

शाईची गादी पुढे आली तेव्हा तिने अंगठा आवरून धरला आणि व्यवस्थापकांना विचारलं, "घर तुमच्याकडं जानार. मंग आमी र्‍हायाचं कुठं?"

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी मला हातानेच थांबवलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. म्हणाले, "बाय, घर काय आमच्या तिजोरीत मावत नाही. ते वरोरलाच राहील. तुम्ही आत राहून त्याला सांभाळा."

आईने थोडा विचार केला. राखण म्हणजे काय ते तिला कळत होतं. तिने अंगठा उठवला.

घर उभं राहिलं. विटांच्या भिंती, वर कौलं, खिडकीतून समुद्र. आणि आईची राखण सुरू झाली. वास्तुशांत तिने करू दिली नाही. दुसऱ्याच्या घराची पूजा आपण कशी घालायची, म्हणाली. भिंतीला खिळा नाही, कोनाड्यात दिव्याची काजळी नाही. आणि ज्या भिंतीसाठी मी एवढा आटापिटा केला होता तिला तिने पाठ लावली नाही. केसांना तेल, चोळीला मासळीचं खारं पाणी, लोकांच्या चुन्यावर डाग पडेल ना! खोलीच्या मधोमध पाहुणीसारखी ताठ बसायची.

तलासरीहून दुलईसारखी धूळ पांघरून मी घरी यायचो. सगळा प्रवास अर्ध्या डुलकीत व्हायचा, आणि डोळ्यांपुढे तेच चित्र असायचं, भिंतीला टेकून बसलेली आई. दारात पाय ठेवला की ती मधोमध. मी चिडायचो. आता मी कचेरीतला माणूस, कायदा मला तोंडपाठ. तो मी तिला सुनावायचो. तुझं बरोबर हाय, ती म्हणायची आणि तशीच बसून राहायची. असा राग यायचा मला, आणि रडूही यायचं.

दर महिन्याला बाजारच्या दिवशी हप्ता भरायला तीच जायची. मासळीची पाटी बाहेर ठेवून आत व्यवस्थापकांपुढे उभी राहायची आणि घराची खबर द्यायची. तुमची दोन कौलं सरकलीत. तुमच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल आलीय. माझं लग्न झालं, मुलगी झाली तेव्हा, तुमच्या आढ्याला पाळण्यासाठी कडी ठोकू का, असं विचारून आली. ठोका, पण मजबूत ठोका, असा जबाब मिळाला. सगळी पतपेढी हसली असणार. व्यवस्थापक मात्र कधी हसले नाहीत.

एकदा मी त्यांना गाठून विचारलंच, तुम्ही तिला नीट सांगत का नाही, घर तिचंच आहे म्हणून?

"सांगितलं की," ते म्हणाले. "तर म्हणाल्या, पाटल्या पन माज्याच होत्या."

यावर माझ्या कायद्यात काही नव्हतं.

वर्षं गेली. माझी नेमणूक कायम झाली, मुलगी पाळण्यातून उतरून शाळेत जायला लागली. शेवटचा हप्ता भरायला मी रजा काढून आईबरोबर गेलो. व्यवस्थापकांनी गहाणखत परत दिलं. आईने पाटीतून नारळ काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि इतकी वर्षं आमच्यावर विश्वास ठेवलात म्हणून हात जोडले. तेही उठून उभे राहिले. घराला बघायला येईन म्हणाले.

आई घरात आली, रिकामी पाटी कोपऱ्यात ठेवली आणि पश्चिमेच्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. दुपारची वेळ होती. खिडकीतून समुद्राचा उजेड येऊन त्या भिंतीवर हलत होता.

"टेकू?" तिने मला विचारलं.

मी मान डोलावली.

ती खाली बसली आणि बेताबेताने पाठ मागे नेली. भिंतीला लागली तरी अंग सोडलं नाही. हात जमिनीवर रोवून, पुढे सरकायच्या तयारीत तशीच थांबून राहिली. ती कशाची वाट बघतेय हे मला कळलं. मग तिने हात उचलून मांडीवर ठेवले.

"ही हलत नाय रे," ती म्हणाली.

आणि तशीच, बाजारच्या लुगड्यात, तिला झोप लागली.