आत्याबाईंचा नवा दोरा

बसस्थानकाच्या बाकावर एकटी म्हातारी दिसली की उदगीरची ती सकाळ मला आजही आठवते आणि मन गोंधळून जातं. तिथल्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. हजेरी चालू असताना एसटीच्या वाहतूक नियंत्रकाचा फोन आला. एक आजी पहिल्या गाडीपासून बसून आहे, नाव-गाव काही सांगता येत नाही.

माझं डोकंच फिरलं. आईबापाला सोडून जाणाऱ्यांचा मला भारी तिटकारा. ठाणे दैनंदिनीत नोंद केली, आजीला सरकारी दवाखान्यात दाखल केलं आणि हे ज्यानं केलं त्याला आत घालायचंच, असं ठरवलं. पण आजीकडे नीट पाहिलं तेव्हा काही जुळेना. केसांना तेल, नखं कापलेली, पिशवीत दुधात कुस्करलेल्या भाकरीचा डबा. गळ्यातल्या चांदीच्या डबीत इष्टलिंग, आणि त्याचा दोरा कोरा करकरीत.

लिंगायत घरांत हा दोरा जंगम स्वामींकडून घेतात. त्या दोऱ्याचं टोक कापून घेऊन दोन दिवस आम्ही मठ पालथे घातले. तिसऱ्या दिवशी एका वृद्ध स्वामींनी पीळ चाचपून सांगितलं, "ह्यो माझ्या हातचा हाय. निलंग्याकडच्या एका सुनेनं सासूसाठी सोमवारी नेला."

महिला हवालदाराला घेऊन त्या गावी गेलो. पंचेचाळिशीची ती बाई आम्हाला पाहून उंबऱ्यावरच बसली. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मीच सोडलं. आत्याबाई जेवल्या का?"

आवाज चढवून कारण विचारलं, तशी ती सावकाश सांगू लागली.

"मालक पुण्यात, दीर हैदराबादेत. नऊ वरसं मी एकटीच करून राहिले. मागल्या आठवड्यात भरवताना त्यांनी ताट उडवलं अन् माझा हात उगारला गेला. मारलं न्हाई, साहेब. पर उद्या मारीन, असं भ्या वाटलं."

"आणि दोरा?"

"झिजला हुता. तिकडं कोण बदलंल?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मोठ्या मनानं म्हणालो, "जा बाई, गुन्हा दाखल करत नाही. आजींना उद्या घरी आणून सोडतो."

वाटलं होतं, ती हात जोडेल. ती ढसाढसा रडायला लागली.

"करा की गुन्हा! आत टाका मला. तिथं झोप तरी लागंल."

दोन्ही मुलांना बोलावून जबाब घेतले. लक्ष देऊ, असं लिहून देऊन दोघं आपापल्या गाड्यांनी गेले. आजी सुनेकडेच परतली. मी दया केली की त्या बाईला शिक्षा दिली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सासूला सोडल्याबद्दल तिला लावायचं कलम मला पाठ होतं. सगळं तिच्या एकटीवर ढकलणाऱ्यांना कोणतं लावायचं, ते ठाऊक नव्हतं.

तेव्हा माझीही आई अंथरुणाला खिळलेली होती आणि मला कायम बंदोबस्त असायचा. त्या दिवशी घरी आलो तर बायको आईला पेज भरवत होती. विचारलं, "तुझी झोप होते का गं?"

तिनं आईचे ओठ पुसले.

"आज कसं काय विचारलंत?" ती म्हणाली. इतक्या लोकांचे जबाब घेतले मी, पण हा जबाब मात्र मला द्यायचा होता.