मुलुंडचा शेवटचा शो

निवृत्तीनंतर बरेच तपास विसरलो, पण मुलुंडच्या थेटरातली ती दुपार अजूनही जशीच्या तशी आठवते.

तेव्हा मी गोरेगावच्या एका ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळच्या हजेरीलाच एक बाई आल्या. नवरा सिनेमाचा दिग्दर्शक. तबेल्यातला एक म्हातारा आणि त्याची आंधळी म्हैस, एवढ्यावर त्याने पिक्चर काढला होता. शुक्रवारी लागला आणि सोमवारपर्यंत जवळजवळ सगळीकडून उतरला.

"काल स्कूटर घेऊन गेले, तेव्हापासून फोन बंद आहे," बाई म्हणाल्या. "साहेब, जिवाचं काही करून घेतील, ते तसले नाहीत हो. पण पिक्चर पडल्यापासून नीट जेवलेपण नाहीत."

'तसले नाहीत' हे मी ठाण्यात फार वेळा ऐकलं होतं, आणि ते दर वेळी खरं निघतंच असं नाही. मिसिंगची नोंद केली, वर्णन वायरलेसवर दिलं.

थोड्याच वेळात आरे कॉलनीतल्या खबऱ्याचा फोन आला. जिथे शूटिंग झालं त्या तबेल्यामागे, विहिरीजवळ, स्कूटर उभी होती. आम्ही पोचलो. काठावर ताजा फोडलेला नारळ. मुहूर्ताचा नारळही इथेच फोडला होता, असं बाईंनी सांगितलं. विहिरीत गळ टाकायला लावला. तो वर येताना बाई दर वेळी डोळे मिटायच्या. खोटं कशाला सांगू, मीही मिटायचो. गळाला फक्त शेवाळ लागलं.

दिग्दर्शकाचा शेवटचा कॉल त्याच्या एडिटरला होता. त्याला अंधेरीहून उचलून आणला.

"मला काय माहीत, साहेब? आमचं बोलणंच नाय झालं."

मी त्याच्याकडे बघत बसलो. जिवलग मित्र बेपत्ता, आणि हा पठ्ठ्या एकदाही 'सापडला का?' म्हणून विचारत नव्हता. ज्याला ठाऊक असतं, तोच विचारत नाही.

"विहिरीत गळ टाकून आलोय आम्ही," मी टेबलावर हात आपटला. "बायको काठावर उभी होती त्याची!"

तो पांढराफटक पडला. "विहिरीत? अहो, तो मुलुंडला आहे! पिक्चर बघतोय!"

मग सगळं बाहेर आलं. एकही तिकीट गेलं नाही तर थेटरवाले शो रद्द करतात. म्हणून हे दोघे आळीपाळीने स्वतःच तिकीट काढून बसत होते. पिक्चरला यश मागायला आदल्या दिवशी दिग्दर्शकाने विहिरीवर नारळ फोडला, मग स्कूटर चालू होईना म्हणून ती तिथेच टाकून, फोन बंद करून तो बसने एडिटरकडे आला, रात्री तिथेच झोपला.

"मग बोलला का नाहीस रे?"

"शपथ घातली होती, साहेब. स्वतःच्याच पिक्चरची तिकिटं काढतो हे कळलं, तर इंडस्ट्रीत वाट लागेल ना त्याची."

जिवापेक्षा अब्रू मोठी! इतका राग मला गुन्हेगारांचाही क्वचित आला असेल.

मुलुंडच्या त्या थेटरात तो एकटाच बसला होता. मी म्हटलं, "चला घरी."

"आज शेवटचा शो आहे. उद्यापासून इथूनही उतरतोय," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "संपल्यावर कुठे जायचं, ते ठरवलं नाही अजून."

जिवावर उदार झालेल्या माणसाचा तो आवाज मी ओळखला. हाताला धरून बाहेर काढलं नाही. हवालदाराला सांगून जीपमधल्या बाईंना आत बोलावलं, त्या एका बाजूला बसल्या, मी दुसऱ्या. बसलो होतो त्याच्यावर नजर ठेवायला, पण हळूहळू त्या म्हशीतच अडकलो. दिवे लागल्यावर न राहवून विचारलं, "एवढं होऊनही म्हातारा तिला विकत का नाही हो?"

तो पहिल्यांदाच माझ्याकडे वळला. जीपमध्ये बसला तरी त्याचं उत्तर संपलं नव्हतं.

हरवलेला माणूस कशाला कंटाळला एवढंच आम्ही विचारतो. त्याला काय सोडवत नाही, हेही विचारायला मी त्या दिवशी शिकलो.

पुढे कॉलेजच्या पोरांनी तो पिक्चर मोबाइलवर शोधून डोक्यावर घेतला. मागे अंधेरीत खास खेळ होता, मीही गेलो होतो, पायऱ्यांवरही माणसं बसलेली. म्हाताऱ्याचे संवाद पोरं त्याच्या आधी म्हणत होती. ऐन शांत प्रसंगात पुढच्या रांगेत फोन वाजला. "ए, बंद कर ना यार!" पोरं ओरडली. दिग्दर्शकाने खाली मान घालून आपला फोन कापला, पण त्या दिवसापासूनच्या सवयीने बंद केला नाही. शेजारी बसलेल्या बाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.